गियरवरचा हात

“डावीकडचं ओढलं की गियर खाली, उजवीकडचं ओढलं की वर.” मुलगा खिडकीतून वाकून स्टिअरिंगमागची दोन पाती दाखवत होता. “यांना पॅडल म्हणतात, बाबा. क्लच नाही, काही नाही. आणि नकोच वाटलं, तर हे ऑटोमॅटिकचं बटण. मग गाडीच सगळं बघते. माझं ऐकाल तर बटणच दाबा.”

“बटणं दाबायची तर घरात मिक्सर आहे,” स्टिअरिंगवर बसलेले चष्मेवाले म्हणाले. चष्म्यांच्या दुकानामुळे सगळे त्यांना हेच म्हणत.

शेजारी त्यांची बायको बसली होती. बसली कसली, बसवली होती. एरवी ती मागे बसायची, पण मुलाच्या या लाल स्पोर्ट्स कारला मागची सीटच नव्हती. गाडी इतकी बुटकी, की आत शिरताना तिला गुडघ्यांची समजूत काढावी लागली. आज नवऱ्याचा वाढदिवस होता, त्यासाठीच मुलाने गाडी फिरवायला दिली होती, म्हणून ती मांडीवर हात ठेवून गप्प होती.

गाडी निघाली. चष्मेवाल्यांनी उजवं पातं ओढलं. टक. दुसरा गियर. पुन्हा टक. तिसरा. एका बोटाचं काम. ते बघून तिला कसंसंच झालं.

एके काळी हे काम तिचं होतं. नव्या संसारात दुकानाची पाटी लावताना चष्मेवाले शिडीवरून पडले आणि त्यांचा डावा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला, पण हात लांब करून जोर लावला की कळ मस्तकात जायची. आणि त्यांच्या जुन्या व्हॅनचा गियर म्हणजे नुसता अडेलतट्टू. गावोगाव फिरून डोळे तपासायचे, चष्मे पोचवायचे, तर व्हॅनवाचून पान हलत नव्हतं. मग दोघांनी तोड काढली. क्लच त्यांनी दाबायचा, ‘हं’ म्हणायचं, आणि शेजारच्या सीटवरून गियर तिने टाकायचा. सुरुवातीला व्हॅनने बेडकासारख्या उड्या मारल्या. पुढे तिचा हात असा बसला, की ‘हं’ पुरा व्हायच्या आत गियर पडलेला असे. लोक हसायचे, म्हणायचे, एका गाडीला दोन ड्रायव्हर! कडाक्याचं भांडण झालं तरी काम चालूच राही, कारण चढावर अबोला परवडत नाही. आपल्या हातावाचून नवऱ्याची गाडी हलत नाही, याचा तिला केवढा तोरा होता.

मग मुलगा कमावता झाला आणि वडिलांच्या खांद्यासाठी त्याने ऑटोमॅटिक गाडी आणली. व्हॅन भंगारात गेली. पहिल्या दिवशी तिचा हात सवयीने मध्ये गेला आणि रिकामाच परत आला. नवरा काहीच बोलला नाही. सुटला एकदाचा, असं तिने गृहीत धरलं. दुसऱ्या दिवसापासून ती मागे बसू लागली. पुढे बसून करायचं काय? गरज सरो, वैद्य मरो.

चढ लागला. इंजिनाचा आवाज वाढला.

“हं,” चष्मेवाले म्हणाले, आणि वाट बघत राहिले. इंजिन किंचाळायला लागलं.

“हं!” ते जरा जोरात म्हणाले.

तिचा हात अर्ध्यावर जाऊन थबकला होता. “अहो, तुमच्याच बोटाशी आहे ते! ओढा!”

त्यांनी दचकून पातं ओढलं. दोघंही हसली. पण हात पुन्हा मांडीवर ठेवताना तिचं हसू विरलं. यांना तेव्हा मी हवी होते, की नुसता माझा हात? हे एकदा विचारावं, असं तिला कितीदा तरी वाटलं होतं. उत्तराची भीती वाटायची.

वळणावर एक कुत्रा आडवा आला. चष्मेवाल्यांनी करकचून ब्रेक दाबला. त्याच क्षणी त्यांचा डावा हात स्टिअरिंग सोडून तिच्यापुढे सरळ, ताठ आडवा झाला. सीटचा पट्टा होताच, पण पट्ट्याआधी हात पोचला. तिचा सगळा भार त्या हातावर आला. हात तसूभर हलला नाही. कुत्र्याने लाल गाडीकडे तुच्छतेने पाहिलं आणि तो निघून गेला.

ती त्या हाताकडे बघत राहिली.

“खांदा?” तिने विचारलं.

“कसला खांदा?” ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात हळूच मागे घेतला.

“कधी बरा झाला?”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आपला मुलगा रांगायला लागला, तेव्हा.”

“म्हणजे एवढी वर्षं नाटक? माझी बोटं थंडीत गोठायची, लोक हसायचे आणि मी उगाच...”

“उगाच कसं? बरा झालो म्हटलं असतं, तर पोराला घेऊन तू घरी थांबली असतीस. मी एकटाच फिरलो असतो.”

तिचे डोळे भरून आले. रागही आला होता, पण तो आता कामाचा नव्हता.

“मग ऑटोमॅटिक आली तेव्हा का नाही बोललात?”

“तू मागे जाऊन बसलीस,” ते म्हणाले. “मला वाटलं, सुटलीस एकदाची.”

मग चष्मेवाल्यांनी मुलाने दाखवलेलं बटण दाबलं. गाडी आपली आपण निघाली, आपली आपण गियर बदलू लागली. त्यांचा मोकळा झालेला डावा हात दोन सीटच्या मध्ये आला आणि उताणा पडला.

“हं,” ते म्हणाले.

‘हं’ पुरा व्हायच्या आत तिचा हात तिथे पोचलेला होता.