साडेचारचा खेळ

“हेलिकॉप्टरमधनं उडी मारली ती मारली, पण भांग सुदिक मोडला न्हाई गड्याचा,” धरणेंद्र शेट गाडीच्या बॉनेटवर डबा मांडत म्हणाले. “असला माल सौद्यात आला तर कोण हात लावणार न्हाई. वरनं नुसतं पॉलिश.”

“पिक्चरला आलाय का हळद घ्यायला?” त्रिशलाबाईंनी विचारलं.

शेटनी डब्याचं झाकण काढलं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय शेट कुणाची स्तुती करत नाहीत, आणि निंदा मात्र न बघताही करतात. पण या बाईंपुढं ते सारा उन्हाळा पडतं घेत होते. बाई मुलीच्या आत्या होत्या.

मुलगी चंदना, समडोळीची. मुलगा शेटचा, गोमटेश. बघण्याचा कार्यक्रम होऊन पोहे पचले, तरी दोघांकडून ना होकार ना नकार. एकदा निवांत बोलतो म्हणाले, आणि बोलायला जागा निवडली ती सिनेमाची, जिथं बोललं की मागचा माणूस डाफरतो. सुपारी फुटेपर्यंत पोरगी एकटी जायची नाही, हे चंदनाच्या वडिलांचं म्हणणं. म्हणून तिच्याबरोबर आत्या, नवरा गेल्यापासून भावाच्याच घरी राहिलेली. आत्या आली म्हटल्यावर इकडून शेट.

पहिला पिक्चर झाला. दोघं म्हणाली, अजून एक बघू. मग अजून एक. उन्हाळ्यात आलेला प्रत्येक मोठा पिक्चर चौघांनी मिळून बघितला. म्हणजे दोघांनी अख्खा आणि दोघांनी निम्मा.

कारण गोमटेश तिकिटं काढायचा रविवारच्या साडेचारच्या खेळाची. शेट आणि त्रिशलाबाई, दोघंही दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत.

“दुपारचा खेळ काढ की रं,” शेटनी सांगून बघितलं.

“दुपारी फुल्ल असतंय, अण्णा.”

आत डबा न्यायला बंदी. त्यामुळं मध्यंतर झालं की दोघांनी खाली पार्किंगमध्ये यायचं, जेवायचं, मावळतीच्या आत शेवटचं पाणी प्यायचं. पुन्हा अंगझडती देत वर जाण्यापेक्षा पिक्चरचा शेवट तिथंच, आपापल्या मनानं लावायचा.

शेटचे शेवट सुटसुटीत असत. “ह्यो त्याला धरणात ढकलंल, पोरगी बापाच्या पाया पडंल. मिटलं.”

बाईंचं तसं नव्हतं. “त्या काळ्या कोटवाल्याला कुणी जेवलास का म्हणून विचारलं असतं, तर एवढी शहरं जाळली नसती त्यानं.”

“आवं, तो राक्षस हाय!”

“राक्षसाला पोट नसतंय व्हय?”

पहिल्या रविवारी यावरून चांगलीच जुंपली. घरी जाताना शेटना घाम फुटला. बाई दुखावली तर सोयरीक गेली. गोमटेशची आई गेल्यापासून घरात दोन पुरुष आणि एक कुकर. पोराचं वय निघून चाललेलं, आधीची स्थळं फिरलेली. हे स्थळ हातचं जाऊन चालणार नव्हतं.

तेव्हापासून शेट सांभाळून राहू लागले. बाईंना उडणारा माणूस आवडला तर शेटनाही आवडला. बाईंच्या डब्याचं किती दिवस खायचं, म्हणून शेट स्वतः धपाटी थापून आणू लागले.

“मीठ इसरलाय,” बाई म्हणाल्या.

“मुद्दाम कमी घातलंय. तब्येतीला बरं.”

“मग माझी तब्येत मुद्दाम बिघडवा, पण मीठ घाला.”

शेट हसले. सोयरिकीसाठी माणसाला काय काय करावं लागतं.

एका रविवारी बाईंना ताप होता. चंदनाबरोबर तिचे वडील आले. त्या दिवशीचा पिक्चर शेटना या वर्षातला सगळ्यात भिकार वाटला. आत्या आली नाही म्हणजे तिकडं काहीतरी फिसकटलं, या धास्तीनं त्यांचं डोकं चढलं आणि ते मध्यंतराआधीच घरी गेले. त्यानंतर आला तो समुद्रातल्या अजस्र ऑक्टोपसचा. तो मात्र शेटनी यार्डात दहा जणांना बघायला लावला. “लय भारी पिक्चर,” म्हणाले. खरं तर गेटवर गाठ पडल्यापासून ते बाईंना तापाचंच विचारत होते, आणि आत जाईपर्यंत ऑक्टोपस दोन जहाजं गिळून बसला होता.

आजचा हेलिकॉप्टरवाला शेवटचा. उद्यापासून शाळा, मोठे पिक्चर बंद. आज काय तो निकाल लावायचा, असं शेटनी ठरवलं होतं.

पण बाईंचं लक्षण ठीक दिसेना. हळदीवरून एक टोमणा मारला, तेवढाच. नंतर भांडल्या नाहीत. धपाट्यात आज मीठ जास्त पडलं होतं, तरी खाल्लं. नायक वाचतो का मरतो, यावर काही म्हणाल्या नाहीत. शेटनी हिशेब केला. नकार आलाय, आणि बाईंना तो तोंडानं सांगवत नाही.

गर्दी बाहेर पडली. मुलं खाली आली. शेटनी रिकाम्या बाटलीचं झाकण लावलं आणि उभं राहूनच विचारलं, “हे बघा, माझा जीव टांगणीला लागलाय. आता काय ते सांगून टाका. व्हय का न्हाई?”

त्रिशलाबाई तोंड फिरवून डबा पुसू लागल्या.

चंदनानं गोमटेशकडं बघितलं. मग म्हणाली, “काका, आमचं पहिल्याच रविवारी ठरलं होतं. नाही म्हणून.”

शेटनी लावलेलं झाकण पुन्हा उघडलं.

“मला नोकरीला बेंगलोरला जायचंय, ह्यांना सांगली सोडायची नाही. जाहिराती संपायच्या आत मिटलं होतं आमचं.”

“मग सारा उन्हाळा हे पिक्चर कुणासाठी बघत होता रं?” शेटचा आवाज चिरकला.

गोमटेशनं त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली.

“आत्यांनी काल होकार दिलाय, अण्णा,” तो म्हणाला. “आता तुमचं काय ते सांगा.”