सर्व्हरला घातलेला हार

कस्तुरीने सर्व्हरची पुढची जाळी ओढली आणि तिच्या मांडीवर वाळक्या झेंडूच्या पाकळ्या सांडल्या.

दाराशी स्टुलावर बसलेल्या वसुमतीअक्कांनी पदर तोंडाला लावला. पाकळ्या त्यांच्या ओळखीच्या होत्या.

बंगळूरजवळ बोम्मसंद्राच्या त्या कारखान्यात नवमीच्या आयुधपूजेचा पहिला मान लेथचा, मग ड्रिलचा, मग फोर्कलिफ्टचा, आणि सगळ्यांत शेवटी मागच्या खोलीतल्या या सर्व्हरचा. गंध अक्कांनी लावायचे, हार अक्कांनी घालायचा. ज्याने घातला त्यानेच तिसऱ्या दिवशी उतरवायचा, ही घरची रीत. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का न्हाणीघरात घसरल्या, पाय प्लास्टरात गेला, आणि त्या आज पहिल्यांदा कारखान्यात आल्या होत्या. लेथवरचे हार लेथच्या हादऱ्यांनीच गळून पडले आणि केरात गेले. सर्व्हर बापडा हादरत नाही. तो नुसता श्वास ओढतो.

"किती वेळ लागेल?" अक्कांच्या मुलाने, हर्षने, विचारले. "गेटवर गाड्या उभ्या आहेत. बिलं निघाल्याशिवाय हलणार नाहीत."

"बसा ना जी सर, होऊन राहिलं," कस्तुरी म्हणाली. ती नागपूरची. सर्व्हरच्या कंपनीने दुरुस्तीला पाठवलेली मुलगी मराठी निघाली म्हणून अक्कांनी सकाळीच तिला दोन वेळा कॉफी पाजली होती.

तिने बंद सर्व्हरचे झाकण उघडले, आतल्या कार्डाची वायर सोडवली आणि एक चपटी बॅटरी बाहेर काढली. चपटी असायला हवी होती. ती पुरीसारखी टम्म फुगली होती.

"एवढ्याशा जिवापायी माझा कारखाना खोळंबला?" हर्ष म्हणाला.

कस्तुरी अक्कांकडे वळून सांगू लागली. "काकू, तुम्ही बिल केलं की सर्व्हर ते आधी हातात धरतो अन् मग निवांत डिस्कवर लिहितो. हातात असतानाच लाइट गेली तर सांडू नये, म्हणून ही बॅटरी. ही मेली की तो हातात काही धरतच नाही. आलं की लिही, आलं की लिही. म्हणून सगळं रडतखडत चालू होतं."

"मेली कशानं?" हर्षने विचारले.

कस्तुरीने मांडीवरच्या पाकळ्यांकडे पाहिले. मग अक्कांकडे. "वय झालंच होतं तिचं. पण गरमीनं लवकर गेली. हवा पुढून आत जाते, अन् पुढची वाटच बुजली होती."

"म्हणजे हारानं." हर्षने कपाळाला हात लावला. "पुरे झालं. पुढच्या वर्षापासून पूजा गेटपाशीच. या खोलीत कुणी यायचं नाही."

कुणी म्हणजे कोण, ते त्याने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. लग्न होऊन आल्यापासून अक्कांनी या शेडमधले एकही यंत्र नवमीला बिनहाराचे ठेवले नव्हते. त्यांनी काठी घेतली, उठायला गेल्या, पण गुडघा ऐकेना. पुन्हा तिथेच बसल्या.

कस्तुरीने नवी बॅटरी बसवली, वायर जोडली, झाकण लावले. सर्व्हर सुरू झाला तसे आतले पंखे एकदम घोंगावले. तिने लॅपटॉपवर बघून घेतले. "चार्ज होऊन राहिली. संध्याकाळपर्यंत भरेल. तोवर बिलं निघतील, पण हळूच."

"जबरदस्तीनं वेग वाढवता येत नाही?"

"येतो. पण मी नाही वाढवणार. उपाशीपोटी हिच्यावर भार टाकायचा, अन् तेवढ्यात लाइट गेली तर? रडत मलाच फोन कराल." ती पाकळ्या कागदात गोळा करत हसली. "अन् सर, त्या हाराचं म्हणाल तर मागच्या आठवड्यात फोटो तुम्हीच पाठवला होता. त्यात दिसत होता तो. मी म्हटलं पण, हार काढून टाका. तुम्ही म्हणालात, बघतो."

हर्षचे कान लाल झाले.

अक्कांनी मान वर केली. "तुला दिसत होता?"

"रोज दिसत होता, अम्मा."

"मग काढला का नाहीस रे?"

हर्ष सर्व्हरच्या दिव्यांकडे बघत राहिला. "तू घातलेला. तू तिकडे पाय बांधून पडलेली. मी कसा उतरवू?"



"हुच्चा," अक्का म्हणाल्या. "अगदी वेडा हुच्चा आहेस." आणि पदराने डोळे पुसले.

कस्तुरीने पाकळ्यांची पुडी अक्कांच्या हातात दिली. "काकू, हार याला घालू नका आता. पुढून खेचतो अन् मागून गरम हवा सोडतो. बाजूच्या भिंतीवर घाला. तिथं काही होत नाही."

हर्ष बाहेर गेला. आला तेव्हा त्याच्या हातात एक चिकटवायचा हुक होता.

"ड्रिल नाही ना आणलं? धूळ नको हं, सर."

"नाही." त्याने हात उंच करून भिंतीवर सर्व्हरच्या शेजारी हुक लावून पाहिला. "इथं?"

अक्कांनी नजरेने उंची मोजली. "स्वल्प खाली. पुढच्या वर्षी मी आणखी वाकलेली असेन."

हर्षने हुक खाली आणला. आईकडे वळून पाहिले. आणखी वीतभर खाली घेतला, आणि कितीतरी वेळ अंगठ्याने दाबून धरला.