टिंब

तहसीन सून म्हणून आली ती अख्खं कुराण तोंडपाठ करूनच. तेव्हापासून खडकीच्या गल्लीत सासूला, नूरबानूंना, कुणी विचारेना. “कागद विरला तरी पाठ केलेलं राहतं,” म्हणत रमजानच्या दुपारी शेजारणी सुनेकडे ऐकायला यायच्या. नूरबानू चाळीस वर्षं वाचलेली प्रत उघडून, ओळीवर बोट ठेवत तिच्या चुकीवर टपून बसायच्या. अखेर सापडली! “‘ख’ नव्हे, ‘ह’! टिंब असतं तर ‘ख’; या अक्षरावर टिंब दिसतंय का तुला?” तहसीननं वाकून पाहिलं, मग स्वतःच्या प्रतीतली तीच ओळ दाखवली. टिंब होतं. “अम्मी, वजूला हात धुऊन तशाच ओल्या बोटानं रोज वाचता ना, त्यानंच झिजलंय ते.” नूरबानूंचं तोंड उतरलं. तहसीन मात्र त्या पुसट जागेवरून बोट फिरवत राहिली. “माझ्या प्रतीत एक टिंबही झिजलेलं नाही.” आवाजातली पोटदुखी नूरबानूंनी लगेच ओळखली, वर्षभर त्यांनी तीच सोसली होती.