योगिनीच्या नावाची ठेव

२००८च्या मेमध्ये गंगापूर रोडवरच्या घरी बँकेचं पाकीट आलं, तेही योगिनीच्या नावाने. तीन लाखांच्या मुदत ठेवीवरच्या व्याजातून पावणेतीन हजार कर कापल्याचा दाखला होता. नवरा पुढे करील त्या कागदावर ती न वाचता सही करायची, त्यातूनच ही ठेव. गेल्या दिवाळीत निफाडला तिच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन दीड लाखासाठी अडलं, तेव्हा तोच म्हणाला होता, “हातात दमडी नाही गं.” आई पाडव्याला गेली. संध्याकाळी तिने दाखला त्याच्यापुढे ठेवला. तो हळहळला, “कर कापू नका असा फॉर्म द्यायचा राहिला! फुकट गेले!” “अहो, आई होती तेव्हा हे पैसे होते?” “होते. पण मुदत संपायची होती. मोडली असती तर व्याज बुडालं असतं.” सकाळी बँक उघडली तेव्हा योगिनी ठेव मोडायला दारात उभी होती.