पाठीवरचं वजन

तोफखान्याच्या ट्रेनिंगला निघालेली नात महिनाभर तोफगोळ्याच्या वजनाचं तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन जयनगरच्या घराचे तिन्ही जिने चढत होती. आज्जी पायरीवर बसून बघायच्या. आज म्हणाल्या, "पोतं पाडलंस तरी कुणाचा जीव जात नाही. मला उचल!" नात थबकली. गुडघे गेले तरी आज्जींनी जिन्यात कुणाचा हात धरला नव्हता. "आज्जी, पडलीस तर?" "जखमी सोबत्यालाही असंच विचारणार काय गं? उचल की!" नातीनं त्यांना पाठीवर घेतलं. दुसऱ्या मजल्यावर तिचे पाय थरथरले, तिच्या काळजाचे ठोके आज्जींना पोटाशी जाणवले. "थांबू?" "शत्रूला विचार जा!" ती चढत राहिली. गच्चीवर तिनं गुडघे वाकवले. आज्जींचे पाय जमिनीला टेकले, पण गळ्याभोवतीची मिठी सुटेना. "आज्जी, पोचलो. सोड आता." "स्वल्प थांब की," आज्जी म्हणाल्या, "गाडी उद्याची आहे."