शेपटीकडची तार

सुटे भाग आणून त्याने गॅरेजमध्ये विमान जोडलं, त्यालाही वर्षं लोटली. पण चालकापुढच्या दांड्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या तारेचा ताण काही मनासारखा बसेना. तो मागे तार पिळायचा, बायको पुढे चालकाच्या जागी बसून तो दांडा सरळ धरायची.

"पुरे की हो आता. एकदा उडवा तरी!"

"जरा दम धर गं."

दम धरता धरता एका हिवाळ्यात तीच गेली.

आज तो एकटाच मागे वाकला आणि सवयीनं ओरडला, "धर सरळ!"

ढिली तार ताठ झाली. ताण हवा तेवढाच बसला.

पुढे बघायचं धाडस त्याला होईना.

"बसला गं एकदाचा," तो तसाच वाकून म्हणाला.

उड्डाणासाठी कुणी दांडा पोटाशी ओढावा, तशी शेपटीची हलती फळी त्याचा हात लोटत हळूहळू वर उठली.