तोंडापुढचा चेंडू

टेनिसमध्ये दुहेरीच्या सामन्यात जोडीदार जवळ येतात आणि समोरच्यांना डाव कळू नये म्हणून तोंडापुढे चेंडू धरून कुजबुजतात. बायकोची अख्खी कारकीर्द त्याने प्रेक्षकांत बसून पाहिली, पण ती कुजबुज त्याच्या डोळ्यांत कायम सलत राहिली. घरी दोन शब्दांत बोलणं उरकणारी ही बाई तिथे त्या दुसरीच्या कानाशी लागून एवढं काय सांगत असेल? दोघींची डोकी जवळ आली की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग कॉफीचं निमित्त करून तो उठून जायचा.

आता बायको निवृत्त झाली होती. आज ती जोडीदारीण जेवायला आली आणि ताटं विसळता विसळता दोघी पुन्हा तशाच कुजबुजायला लागल्या. बायको फोन घ्यायला आतल्या खोलीत गेली, तसं त्याने विचारलंच, "कोर्टवर इतकं काय बोलायचात हो तुम्ही?"

"डाव तर आमचे आधीच ठरलेले असायचे, भावोजी," ती हात पुसत म्हणाली. "पण स्वतः वर प्रेक्षकांत बघितलं की हिचा फटका चुकायचा, म्हणून मला बघायला लावायची. 'तो बसलाय ना गं?' दर वेळी तेच. नुसता वीट आणला होता."

तो सुखावून हसला.

"मी आपली 'बसलाय' म्हणायचे," ती आवाज खाली आणत म्हणाली, "खुर्ची रिकामी दिसली तरी."